लीला आणि प्रयोजन

ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात बादरायणांनी एका मर्मभेदी आक्षेपाचा परामर्श घेतला आहे. आक्षेप असा की, विचारी कर्ता प्रयोजनावाचून कोणत्याही कार्यास प्रवृत्त होत नाही. ब्रह्म तर नित्यतृप्त, त्याला मिळवावयाचे असे काहीच उरलेले नाही. तेव्हा एवढ्या विराट सृष्टीच्या खटाटोपात त्याने पडावे तरी कशासाठी? सूत्रकारांनी मोजक्या पदांत याचे उत्तर दिले, आणि ते लीलेचे आहे. शंकराचार्यांनी भाष्यात त्याला दोन दृष्टांत जोडले: ज्याच्या सर्व एषणा पुरल्या आहेत असा राजा किंवा राजाचा अमात्य, जो तरीही क्रीडाविहारात रमतो, आणि कोणत्याही बाह्य हेतूची वाट न पाहता स्वभावतःच चालणारा श्वासोच्छ्वास. याच्या अगदी समोर कुमारिल भट्टांचे ते प्रसिद्ध मत उभे आहे, की मंदबुद्धी मनुष्यदेखील काही हेतू मनात धरल्याशिवाय कशास प्रवृत्त होत नाही.

हा वाद जगाच्या उत्पत्तीविषयीचा असला, तरी लहान मुलांच्या खेळाचा विचार करू लागले म्हणजे तो पुन्हा समोर येतो. आणि खेळता खेळता शिकविण्याचे अभिवचन देणारी मुलांची संकेतस्थळे घरोघरी पोहोचल्यापासून तर तो प्रत्येक आईबापापुढे आहे. अंगणात मातीचा किल्ला रचणाऱ्या मुलाला त्या किल्ल्याचे पुढे काय करावयाचे आहे, असे विचारणे व्यर्थ होय. त्याचे करणे हेच त्याचे मिळवणे असते. आईबापांना मात्र प्रयोजन असते, आणि ते रास्तही असते: मुलाने गणित शिकावे, वाचावे, जगाच्या स्पर्धेत मागे पडू नये. मोठ्यांनी आपले हे प्रयोजन मुलाच्या खेळात घातले म्हणजे तो खेळ खेळ राहतो काय, हा माझा प्रश्न आहे. तो केवळ अध्यापनशास्त्राचा आहे असे मला वाटत नाही. मनुष्याने कर्म कोणत्या वृत्तीने करावे, याचा तो प्रश्न आहे, आणि म्हणून धर्मविचारात त्याला जागा आहे.

या संकेतस्थळांपैकी पुष्कळांची रचना पाहावी, तर तिच्यात फलाशेचा सगळा कारभार उभा केलेला दिसतो. एक बेरीज बरोबर आली की एक तारा, दहा तारे जमले की एक पदक, सलग हजेरी लावली की त्या हजेरीची साखळी, आणि साखळी तुटू नये म्हणून सायंकाळी आठवणीचा तगादा. मूल बेरजा करते हे खरे; परंतु त्याचे चित्त बेरजेवर नसते, ते जमाखर्चावर असते. गीतेने ज्या फलासक्तीपासून प्रौढ मनुष्याला आयुष्यभराच्या साधनेने सोडवू पाहिले, ती आसक्ती ज्याला अजून शिवलीही नव्हती अशा वयाला आपण ती प्रथम शिकवतो, आणि मग तिलाच अभ्यासाची गोडी म्हणतो, ही गोष्ट मला फार क्लेशदायक वाटते.

पाश्चात्त्य मानसशास्त्रज्ञांनीही ही गोष्ट प्रयोगाने तपासली आहे. लेपर, ग्रीन आणि निस्बेट या तिघांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, ज्यांना रंगीत पेनांनी चित्रे काढण्याची मुळातच आवड होती अशा बालवाडीतील मुलांचे तीन गट केले होते. एका गटाला चित्र काढल्यास सोनेरी मोहोर आणि फीत लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले. दुसऱ्याला ते न सांगता शेवटी दिले. तिसऱ्याला काहीच दिले नाही. पुढे काही दिवसांनी वर्गात तीच पेने मोकळी ठेवली, तेव्हा बक्षिसाच्या करारावर चित्रे काढलेली मुले इतर दोन्ही गटांपेक्षा बराच कमी वेळ तिकडे वळली. अकस्मात मिळालेल्या बक्षिसाने आवड घटली नव्हती, ही यातली अर्थपूर्ण बाब आहे: बाधा फळाने आली नाही, फळाच्या अपेक्षेने आली.

परंतु येथे कोणी असा प्रतिवाद करील की, निष्प्रयोजनता हीच जर क्रीडेची खूण असेल, तर पडद्यावर एकामागून एक आपोआप येणारी चित्रे तासन्‌तास पाहत बसणाऱ्या मुलाचे करणेही लीलाच म्हणावे लागेल; त्यालाही त्यातून काही साधावयाचे नसते. हा आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर, माझ्या समजुतीप्रमाणे, शंकराचार्यांच्या राजाच्या दृष्टांतातच आहे. तो राजा आप्तकाम आहे. त्याची क्रीडा परिपूर्णतेतून उसळते. व्यसनाला बाहेरचे प्रयोजन नसते हे खरे, परंतु ते अभावातून जन्मते आणि अभावच वाढवते. म्हणूनच खेळून आलेले मूल तृप्त असते, आणि पडद्यापासून ओढून काढलेले मूल उपाशी असल्यासारखे चिडते. लीलेला शेवट असतो, आणि तो खेळणाऱ्याच्या हाती असतो. ज्या संकेतस्थळाने हा शेवटच काढून घेतला आहे, ते कितीही ज्ञानप्रद असले तरी मी मुलाच्या हाती देणार नाही.

याउलट काही ठिकाणे अशी आहेत की, त्यांच्याविषयी लिहिताना मन प्रसन्न होते. भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाल्यानंतर पुढच्याच वर्षी, म्हणजे २००२ साली, कार्ल वीमन यांनी अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात ‘फेट’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यात विज्ञानाची आणि गणिताची पुष्कळ चलत्-प्रतिरूपे विनामूल्य ठेवलेली आहेत, आणि त्यांपैकी अनेक मराठीतही उतरली आहेत. विद्युत्‌मंडलाचे प्रतिरूप उघडले की समोर घट, दिवे, तारा आणि कळा मांडलेल्या असतात. काय करावे याचा हुकूम नसतो. मूल तार जोडते, दिवा लागतो. दुसरा दिवा त्याच ओळीत घालते, दोन्ही मंद होतात. मग केव्हातरी ते घटाची दोन्ही टोके नुसत्या तारेने जोडते आणि घटाला आग लागते. येथे लाल फुली येत नाही, गुण कापले जात नाहीत, कोणी शाब्बासकीही देत नाही. आग दिसते, एवढेच. मूल तार काढते, आणि बहुधा पुन्हा जोडते, कारण आग पाहावयाची असते. त्या दुसऱ्या जोडणीत मात्र ते तारेकडे पहिल्यापेक्षा निराळ्या नजरेने पाहत असते.

हे पाहताना मला तैत्तिरीय उपनिषदातील भृगूची कथा आठवते. भृगू वरुणाकडे, आपल्या पित्याकडे, आपण होऊन जातो आणि ब्रह्म शिकवा म्हणतो. पिता एक खूण सांगतो आणि तप करावयास पाठवतो. भृगू परत येतो तो अन्न हेच ब्रह्म असे जाणून. वरुण हे उत्तर चूक आहे असे म्हणत नाही, बरोबर आहे असेही म्हणत नाही. पुन्हा तप कर, एवढेच सांगतो. मग प्राण, मग मन, मग विज्ञान; दर वेळी तीच आज्ञा. पाचव्या खेपेस भृगूला आनंद हे ब्रह्म असल्याचे कळते, आणि तेथे आख्यायिका थांबते. तो पुन्हा पित्याकडे तपासून घ्यावयास आल्याचा उल्लेख उपनिषदात नाही. ज्याला ज्ञान झाले त्याला ते झाल्याचे दुसऱ्याने प्रमाणित करावे लागत नाही, असा याचा अर्थ मी घेतो. तपातली धडपड आणि शेवटचा आनंद यांच्यामध्ये जर पदकाची पायरी बसवली असती, तर भृगू पहिल्याच पायरीवर, अन्नाचे पदक घेऊन, थांबला असता.

आपल्याकडे ही वृत्ती ज्यांच्या कामात मला सर्वांत निर्मळपणे दिसली, ते अरविंद गुप्ता. कानपूरच्या आयआयटीतून अभियंता होऊन ते पुण्यात टेल्को या वाहनकंपनीत आले, १९७८ साली होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, आणि पुढे पुण्याच्या आयुका या खगोलविज्ञान संस्थेत, जेथे मुलांच्या विज्ञानशोधिकेची वास्तू ‘पुलस्त्य’ या सप्तर्षींतील ताऱ्याच्या नावाने ओळखली जाते, त्यांनी अनेक वर्षे टाकाऊ वस्तूंची खेळणी केली. त्यांच्या संकेतस्थळावर या खेळण्यांची छायाचित्रे, लहान चित्रफिती आणि मराठीसह कित्येक भाषांतील हजारो पुस्तके कोणासही बिनशर्त उतरवून घेता येतात. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बोटभर तुकडे आणि आगकाड्या एवढ्या साहित्यावर त्यांनी भूमिती उभी केली आहे. तीन काड्यांचा त्रिकोण दाबून पाहावा, तो हलत नाही; चार काड्यांचा चौकोन बोट लावताच कलतो आणि तिरपा समभुज चौकोन होतो; त्याला आडवी काडी घातली की पुन्हा ताठ राहतो. पूल, छपरे आणि मनोरे यांत त्रिकोण का दिसतात, हे सांगावे लागत नाही; मूल रस्त्याने जाताना ते स्वतःच ओळखते. मूल खेळण्याचे करू शकेल असे सर्वोत्तम काम म्हणजे ते मोडून पाहणे, असे गुप्ता सांगत आले आहेत. ज्या कर्त्याला आपल्या कृतीच्या मोडण्याचे दुःख नाही, त्याच्या कर्तेपणात फलाचा लोभ कुठे शोधावा?

गुप्तांच्या संकेतस्थळाचा एक विशेष असा की, ते मुलाला आपल्यापाशी धरून ठेवीत नाही. चित्रफीत दोन-तीन मिनिटांत संपते आणि मूल उठून काड्यांची पेटी शोधू लागते. अशा शिक्षणाची परंपरा आपल्याकडे आधीपासूनच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे बालवाडीचे काम सुरू केले, आणि पुढे कोसबाडला ते वाढविले, तेव्हा मॉंटेसोरींच्या महागड्या साधनांऐवजी शिंपले, खडे, पाने, बिया वापरल्या. गुरे राखणाऱ्या मुलांना शाळेत येणे शक्य नव्हते, म्हणून शाळाच कुरणात नेली. साधन मुलाच्या परिसरातच असावे, आणि शिक्षणाने त्याला त्या परिसराकडे अधिक प्रेमाने परत पाठवावे, ही परंपरा पडद्याच्या युगातही चालू राहू शकते, याचा पुरावा म्हणून मी गुप्तांच्या कामाकडे पाहतो.

तरीही मूळ आक्षेप पूर्णपणे निकालात निघाला असे मी म्हणणार नाही. फेटच्या कर्त्यांना विद्युत्‌शास्त्र शिकवावयाचेच होते. घट पेटावा ही तजवीज त्यांनी विचारपूर्वक केली होती. मूल ज्याला आपली क्रीडा समजते, ती दुसऱ्याच्या प्रयोजनाने आखलेली आहे, हे सत्य राहतेच. शंकराचार्यांनाही ही अडचण दिसली होती; लौकिक क्रीडेत शोधू गेल्यास काही सूक्ष्म प्रयोजन सापडेलही, असे ते मान्य करतात, आणि शुद्ध लीला केवळ ईश्वराकडे ठेवतात. मनुष्याने रचलेल्या खेळात प्रयोजन असणारच. प्रश्न एवढाच उरतो की, ते रचणाऱ्यापाशी थांबते की खेळणाऱ्यावर लादले जाते. तुकोबांच्या गाथेत विटीदांडू, चेंडूफळी, हमामा, फुगडी अशा पोरांच्या खेळांवर अभंग आहेत. त्यांत परमार्थ आहे, परंतु फुगडी घालणाऱ्या मुलीला तो आधी पाठ करावा लागला नव्हता. तिला गिरकी मिळाली. अर्थ मागाहून, तिच्या सवडीने, कदाचित वाळवंटात कीर्तन ऐकताना, आला असेल.

म्हणून आईबापांना माझी विनंती फार छोटी आहे. मूल अशा एखाद्या प्रतिरूपापुढे अर्धा तास बसून उठले, की आज काय शिकलास, असा हिशेब ताबडतोब मागू नये; त्या एका प्रश्नाने घरातली माणसे वसुलीवर आलेली दिसू लागतात आणि खेळ सक्तीचा होतो. भृगू आपण होऊन पित्याकडे गेला होता, आणि पिता घरी होता, एवढे पुरेसे होते. मूल आपण होऊन येईल आणि नुसती तार जोडल्यावर घट का पेटला, असे विचारील, तेव्हा उत्तर तोंडावर असले तरी ते लगेच न देता, दिवा मध्ये ठेवून एकदा आणि काढून एकदा, दोन्ही प्रकारांनी पुन्हा जोडून बघ, असे म्हणावे, आणि त्याला वाटल्यास शेजारी बसावे.