गिऱ्हाईक की अशील?

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण पाटावर लाल वस्त्र अंथरतो, त्यावर दागिन्यांचा डबा, बँकेचे पासबुक आणि चार कोऱ्या नोटा मांडतो आणि लाह्या-बत्ताशांचा नैवेद्य दाखवून हात जोडतो. लक्ष्मी चंचल असते, हे आपल्याला लहानपणापासून पढवलेले असते. पण घरी आलेल्या लक्ष्मीला कुठे बसवावे, हे आपण कुणाला विचारतो? मेहुण्याला विचारतो, भिशीतल्या मैत्रिणीला विचारतो आणि पुष्कळदा जो काही विकायला दारात उभा असतो, त्यालाच विचारतो! केवळ गवळ्याच्या शब्दावर दुधाची पारख करणारी गृहिणी मी अजून पाहिलेली नाही. पैशाच्या बाबतीत मात्र आपण सारे गवळ्यावर विसंबून असतो.

हा विचार माझ्या डोक्यात भरवला तो माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने. तिच्या वडिलांची आमच्या गावात पिठाची गिरणी आहे. पोरगी हुशार. पुण्याला राहून वाणिज्य शाखेचा अभ्यास करते आणि त्याच्या जोडीला ‘फायनान्शियल प्लॅनिंग’ नावाचा अभ्यासक्रम. कॉलेजची पायरी न चढलेल्या माझ्यासारख्या मास्तराला तिने त्याचा अर्थ असा सांगितला : घरची मिळकत, खर्च, कर्ज, मुलांची शिक्षणे आणि म्हातारपण यांचा एकत्र हिशेब मांडून त्या घराला वाट दाखवायची. गेल्या वर्षी या व्यवसायातल्या मंडळींची मुंबईला परिषद भरली होती. विद्यार्थ्यांना प्रवेशशुल्कात सवलत होती, म्हणून ही रात्रीच्या एस.टी.ने गेली आणि विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात दोन दिवस गळ्यात बिल्ला अडकवून वावरली.

व्यासपीठावर एक वक्ते सल्लागाराच्या धर्माविषयी फार तळमळीने बोलले. सल्लागार हा विश्वस्त आहे. स्वतःच्या लाभाच्या आधी त्याने समोरच्याचे हित पाहिले पाहिजे, असा त्यांचा आशय. हिने वही भरून टिपणे घेतली. मग दुपारी जेवणाच्या रांगेत मागे उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी गावाचे नाव विचारले आणि पुढचाच प्रश्न टाकला, “गावात ओळखीची घरे किती?” ती म्हणाली, “असतील तीनशे. बाबांच्या गिरणीवर येतात सगळी.” गृहस्थांचे डोळे चमकले. “मग तुला शिकायची काय गरज आहे?” ते म्हणाले. “उद्यापासून आमच्याकडे ये!”

“सर,” ती मला म्हणाली, “आपले गाव म्हणजे माझे भांडवल आहे, हे मला त्या दिवशी कळले. आणि तेव्हापासून मला गिरणीवर उभे राहायची लाज वाटते.”

या धंद्याची जन्मकथाही तिनेच सांगितली. 1969 सालच्या डिसेंबरात अमेरिकेतल्या शिकागो शहरी, विमानतळाजवळच्याच एका हॉटेलात तेरा माणसे जमली. लॉरेन डंटन हे त्यांचे पुढारी. विमा आणि म्युच्युअल फंड विकण्याच्या व्यवहारात मुरलेली ही मंडळी. नुसते विकण्याऐवजी घराचा साकल्याने विचार करणारा एक पेशा उभा करावा, असे त्यांनी ठरवले आणि 1973 साली त्यांच्या अभ्यासक्रमाची 42 जणांची पहिली तुकडी बाहेर पडली. म्हणजे हा पेशा विक्रेत्यांच्या घरात जन्मला. घरची सवय सहजी सुटत नाही!

मी मराठीचा मास्तर असल्याने मला वेगळीच अडचण दिसली. दुकानदाराचे गिऱ्हाईक असते, डॉक्टरचा रोगी असतो, वकिलाचे अशील असते. पैशाचा सल्ला घेणाऱ्या माणसाला आपल्या भाषेत नावच नाही. तो गिऱ्हाईक आहे की अशील, हेच अजून ठरायचे आहे.

कायद्याने आपल्या परीने ठरवू पाहिले आहे. पूर्वी म्युच्युअल फंडात शंभर रुपये घातले, तर त्यातले सव्वादोन रुपयांपर्यंत दारातच कापले जात. ‘सेबी’ने 1 ऑगस्ट 2009 पासून ते बंद केले. 2013 सालापासून मध्यस्थाविना थेट पैसे गुंतवण्याची सोय झाली आणि त्याच वर्षी सल्लागारांसाठी नियम आले. 2020 साली तर असे ठरले की, एकाच गिऱ्हाइकाला फी घेऊन सल्लाही द्यायचा आणि कमिशन घेऊन मालही विकायचा, हे चालणार नाही. परिणाम काय झाला? कमिशनवर फंड विकणारे देशात लाखाच्या वर, आणि केवळ फीवर सल्ला देणारे नोंदणीकृत सल्लागार हजाराच्या आसपास! एकशे चाळीस कोटींच्या देशात हजार!

असे का, हे तिने मला फळ्यावर दाखवले. दरमहा 5,000 रुपये वीस वर्षे साठवले आणि दरसाल 10 टक्के वाढ धरली, तर अदमासे 38 लाख होतात. मध्यस्थापायी त्यातला एक टक्का दरसाल गळाला, तर हाती येतात 33 लाख 40 हजार. साडेचार लाखांचा फरक! पण हे साडेचार लाख कुणी आपल्या खिशातून काढून नेत नाही. ते खिशात येतच नाहीत. उलट सल्लागाराने समोर बसून दहा हजार फी मागितली, की आपल्याला घाम फुटतो. “नुसते बोलायचे दहा हजार?” असे आपण विचारतो. न दिसणारे लाखो रुपये आपण हसत देतो आणि दिसणाऱ्या हजारांसाठी घासाघीस करतो. सल्लागाराची नीती बिघडवण्यात आपलाही हात आहे, असे मला स्पष्ट वाटते.

इथेच निकाल देऊन मोकळे व्हावे, असे कुणालाही वाटेल. पण आमच्या शाळेचा शिपाई मला तसे करू देत नाही. त्याला विमा घ्यायला लावला तो एका एजंटाने. पूर्वी अशा पॉलिसीच्या पहिल्या हप्त्यातला एक तृतीयांशाहून अधिक भाग कमिशनात जाऊ शकत असे. या शिपायाचाही गेला असेल. पण तो एजंट त्याच्या घरी आला, त्याचा चहा प्याला, हप्ता चुकू नये म्हणून उन्हातान्हात फेऱ्या घालत राहिला. शिपाई अकाली गेला, तेव्हा त्याच्या बायकोला घेऊन दाव्याचे कागद भरायला तोच कचेरीत गेला. 1956 साली आयुर्विमा महामंडळ स्थापन झाले, त्यानंतर विमा खेडोपाडी पोहोचला तो अशाच माणसांच्या पायांनी. फीवर चालणारा निःस्पृह सल्लागार आमच्या तालुक्यात एकही नाही. तो असतो मोठ्या शहरात, आणि ज्याला दहा हजार परवडतात त्याच्यासाठी. मग ज्याला सल्ल्याची सर्वांत अधिक गरज, त्याने विक्रेत्याच्याच ओंजळीने पाणी प्यायचे काय? प्रामाणिकपणा हीदेखील पैसेवाल्यांनीच विकत घ्यायची चीज काय? शुद्ध हात ठेवून दूर राहणारा मोठा, की मळक्या हाताने का होईना, दार ठोठावणारा मोठा? मला याचे उत्तर देता आले नाही आणि मी तिला तसे सांगितले.

तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक त्या रांगेतल्या गृहस्थांची, भरघोस पगाराची. दुसरी पुण्यातल्या एका लहान कचेरीत, फीवर चालणाऱ्या, पगार निम्मा. तिने बापाला विचारले. तो म्हणाला, “मी दळण दळतो, दळणावळ घेतो. धान्य विकत नाही. ज्वारीचे पोते जर मी दुकानात ठेवले असते ना, तर गिरणीवर आलेल्या प्रत्येकाची ज्वारी मला किडकी दिसली असती.”

तिने दुसरी नोकरी धरली. पण बापाला तिने आणखी एक विचारले होते : कुणी विधवा बाई शेरभर ज्वारी घेऊन आली, तर तेवढ्यासाठी गिरणी सुरू करणे परवडते का?

“परवडत नाही,” तो म्हणाला. “डबा ठेवून घेतो. आणखी चार डबे जमले की गिरणी लावतो. ज्याचे त्याचे पीठ ज्याला त्याला.”

तिची स्वतःची नोंदणी व्हायला अजून अवकाश आहे. पण परवा दिवाळीसाठी गावी आली तेव्हा ती पुन्हा गिरणीवर उभी राहिली होती. जवळ एक वही होती. दहा-दहा घरे मिळून एकाची फी भरली, तर माणशी किती पडेल, याचा हिशेब ती करीत होती. घरे तीच होती, तीनशे.