मधल्या इयत्तेतली मुलगी



तोरणमाळ आणि डाबच्या परिसरात दवबिंदू गोठल्याची बातमी कडाक्याच्या थंडीत अधूनमधून येते. नंदुरबार जिल्ह्याचं बर्फाशी नातं एवढंच. तरीही आज मी फिगर स्केटिंगबद्दल बोलणार आहे. हा खेळ चाकांवरही खेळला जातो, आणि चाकं आपल्याकडे आहेत. संध्याकाळी ऊन उतरलं की शाळेच्या सिमेंटच्या कोर्टावर हेल्मेट घातलेली, गुडघ्याला पॅड बांधलेली मुलं फेऱ्या मारताना दिसतात. त्यातल्या बहुतेकांना शर्यत लावायची असते. पण एखाद्या कोपऱ्यात सर खिळा रोवतात, त्याला सुतळी बांधतात, खडूनं पाच-सहा मीटरचं वर्तुळ आखतात आणि एखाद्या मुलीला सांगतात, "एका पायावर. बाहेरची एज. पूर्ण गोल."

मला या मुलीबद्दल बोलायचं आहे. ती नवशिकी नाही. पडायची भीती जाऊन तिला वर्षं झाली. उलटं जाता येतं, थांबता येतं. पण स्पर्धेत टाळ्या घेणाऱ्या उड्या आणि गिरक्या अजून लांब आहेत. पहिल्या वर्षी दर आठवड्याला काहीतरी नवं यायचं, घरचे व्हिडिओ काढायचे. आता महिनोन् महिने तेच वर्तुळ. बाहेर बाकावर बसलेली आई विचारते, "सर, हिची प्रगती थांबली का हो?"

थांबलेली नसते. त्या वर्तुळावर काय चाललेलं असतं ते जरा जवळून पाहू.

स्केटिंगमध्ये सरळ रेष जवळजवळ नसतेच. शरीर जिकडे झुकेल तिकडे स्केट वळतो, आणि स्केटच्या त्या कललेल्या बाजूला एज म्हणतात. चाकांच्या स्केटला ही युक्ती फार उशिरा सापडली. मूळचा बेल्जियमचा, लंडनला आलेला जोसेफ मर्लिन नावाचा कारागीर अठराव्या शतकात चाकं लावून, व्हायोलिन वाजवत एका मेजवानीत शिरला आणि वळता न आल्यामुळे थेट मोठ्या आरशावर आदळला, असं सांगतात. पुढे 1863 मध्ये न्यूयॉर्कच्या जेम्स प्लिम्प्टननं चाकांचे दांडे रबराच्या गादीवर बसवले. पाय कलला की रबर दबतं, दांडा तिरका होतो आणि स्केट वळण घेतो. आज आपल्या मुलांच्या पायातल्या चार चाकांच्या स्केटमध्ये तीच रचना आहे.

आता हिशेब करा. पाय दोन, डावा आणि उजवा. दिशा दोन, पुढे आणि मागे. कल दोन, आत आणि बाहेर. म्हणजे आठ एज. पहिल्या वर्षी मुलं त्यातल्या दोन-तीन सोप्या एजवर भागवतात. मधला टप्पा म्हणजे उरलेल्या सगळ्या पक्क्या करणं. त्यातून थ्री टर्न येतो. बाहेरच्या एजवर पुढे जाता जाता त्याच पायावर गर्रकन वळायचं आणि आतल्या एजवर मागे जायचं. त्यातून मोहॉक येतो, ज्यात वळताना पाय बदलतो. मग वॉल्ट्झ जंप येते, अर्ध्याच फेरीची उडी. बघणाऱ्याला ती किरकोळ वाटते. पण या खेळात मोठ्या उड्यांचा शेवटही तिच्यासारखाच होतो, एका पायावर, मागे जात, बाहेरच्या एजवर. ती एज डळमळीत असेल तर हवेत कितीही फेऱ्या घ्या, खाली आल्यावर पडणं ठरलेलं. 1882 मध्ये नॉर्वेच्या अ‍ॅक्सेल पॉलसेननं व्हिएन्नात दीड फेरीची उडी दाखवली, तिला आजही अ‍ॅक्सेल म्हणतात. तीच उडी साडेचार फेऱ्यांची करायला 2022 उजाडलं. इलिया मालिनिननं ती केली, आणि तोही उतरला त्याच मागच्या, बाहेरच्या एजवर.

बर्फावर या वर्तुळांना एकेकाळी फार मान होता. खेळाच्या नावातला फिगर तिथूनच आला. खेळाडू बर्फावर आकृती कोरायचा आणि पंच वाकून, जवळ जाऊन ती रेघ तपासायचे. 1968 पर्यंत एकूण गुणांतले 60 टक्के याच कामाला होते. टीव्हीनं हे बदललं. 1972 च्या सप्पोरो ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रियाची बिआट्रिक्स शूबा मुक्त सादरीकरणात सातवी आली, पण आकृत्यांतल्या आघाडीवर सुवर्णपदक घेऊन गेली. घरी बसून बघणाऱ्यांनी त्या आकृत्या पाहिल्याच नव्हत्या, त्यांना निकाल कळेना. त्यानंतर आकृत्यांचं वजन घटत गेलं आणि 1990 नंतर त्या मोठ्या स्पर्धांतून गेल्या. मला याचं वाईट वाटतं. कॅमेऱ्याला दिसत नाही ते काम कमी मोलाचं, असा तो निर्णय होता. चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगनं मात्र ती वर्तुळं सोडली नाहीत. सिमेंटवर चाकाची रेघ उमटत नाही, म्हणून वर्तुळ आधीच आखून घेतात आणि त्यावरून जातात. आपल्या राष्ट्रीय स्पर्धांतही हा प्रकार आहे. आपल्या कोर्टावरचे सर खडूनं जे करतात त्याला एवढी जुनी परंपरा आहे.

आणि बर्फ नसलेल्या गावातून कुठे पोचता येतं हेही ऐका. हैदराबादच्या अनूप कुमार यामानं 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या कलात्मक स्केटिंगमध्ये कांस्य मिळवलं. अवनी पांचालबरोबर जोडीनं दुसरं कांस्यही मिळवलं. पुढे त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. पुण्याची श्रुती कोतवाल चाकांवरून बर्फावर गेली आणि वेगाच्या शर्यतींत भारताकडून उतरली. हांगझूच्या आशियाई स्पर्धेत चाकांवरच्या 3000 मीटर रिलेचं कांस्य जिंकणाऱ्या भारतीय चमूत विक्रम इंगळे आणि सिद्धांत कांबळे ही नावं होती.

पण माझं मन अडकतं ते या नावांपर्यंत न पोचलेल्या मुलींपाशी. मधला टप्पा बहुधा सहावी, सातवी, आठवीत येतो. नेमकं याच वेळी अंग वाढतं. सहा महिन्यांत उंची झपाट्यानं वाढली की शरीराचा तोल जिथे असायचा तिथे राहत नाही. काल जमणारी उडी आज जमत नाही, गिरकी तिरकी जाते. मुलीला वाटतं आपण बिघडलो, आई-बाबांना वाटतं हिचं लक्ष उडालं. खरं म्हणजे तिनं नव्या, लांब झालेल्या हातापायांनी तेच पुन्हा शिकायला घेतलेलं असतं. यात आळस कुठेही नाही. त्यात पाळी सुरू होते आणि कपड्यांवरून कुणीतरी काहीतरी बोलतं. वर्गात मार्क थोडे घसरतात. पायातले बूट लहान होतात, नव्या जोडीचा खर्च डोळ्यासमोर येतो. मग एक दिवस घरात ठरतं, "आता पुरे झालं, अभ्यासाकडे बघ." मुलाच्या बाबतीत हे वाक्य उशिरा येतं, मुलीच्या बाबतीत लवकर. हा फरक मला सलतो.

नंदुरबार, शहादा, तळोदा, नवापूर, कुठेही तुमची मुलगी चाकांवर उभी असेल तर माझी विनंती आहे. सातवी-आठवीत तिचं नाव काढू नका. परीक्षेच्या महिन्यात आठवड्यातून दोनच दिवस पाठवा, चालेल. पावसाळ्यात कोर्ट ओलं असतं, तेव्हा घरीच एका पायावर उभं राहायचा सराव घेऊ द्या. नवे बूट परवडत नसतील तर सरांशी बोला. मोठ्या मुलांचे लहान झालेले, चांगले बूट बहुतेक क्लासमध्ये पडून असतात, फक्त चाकं आणि बेअरिंग बघून घ्यावी लागतात. आणि बाकावर बसून मोबाईल बघण्याऐवजी एक दिवस त्या खडूच्या वर्तुळाजवळ जाऊन उभे राहा. तिला विचारा, आज कुठली एज चालली आहे. ती करून दाखवेल.