ओढा आटला तेव्हा

शास्त्रपाठ : १ राजे १७:१-१६, लूक २:४१-५२

एलीया संदेष्ट्याची कथा आपणां सर्वांच्या परिचयाची आहे. देशावर अवर्षण येणार हे त्याने अहाब राजास सांगितले आणि देवाच्याच आज्ञेवरून तो करीथ ओढ्यापाशी जाऊन राहिला. कावळे त्याला सकाळ-संध्याकाळ अन्न आणून देत आणि ओढ्याचे पाणी तो पीत असे. येथवर सारे ठरल्याप्रमाणे चालले होते. परंतु देशात पाऊस पडेना, आणि काही दिवसांनी तो ओढाच आटला. ज्या ठिकाणी देवाने स्वतः पाठविले, त्याच ठिकाणचे पाणी आटावे, ही गोष्ट थांबून विचार करण्याजोगी आहे. ओढा आटला म्हणून एलीया वाट चुकला होता असे नव्हे, आणि देव त्याला विसरला होता असेही नव्हे.

प्रिय वाचकहो, या शास्त्रभागाचा विचार आज आपण एका अगदी घरगुती प्रसंगाच्या अनुषंगाने करू या. आईबाप आपल्या लेकराला देवाची सृष्टी दाखवावी म्हणून मोठ्या हौसेने बाहेर नेतात आणि ठरविलेले काहीच घडत नाही. पाखरे दिसत नाहीत, पाऊस येतो किंवा येतच नाही, मूल रडते, बापाचा आवाज चढतो आणि सारे मुकाट्याने घरी परततात. हा प्रसंग लहान आहे असे आपल्याला वाटते. परंतु त्या दिवशी लेकराच्या मनात जे रुजते ते लहान नसते.

यासाठी आपण मनाने तंजावरास जाऊ. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील या नगरीशी मराठी माणसाचे जुने नाते आहे. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १८५५ पर्यंत तेथे भोसले घराण्याची गादी होती, आणि त्या काळी गेलेल्या कित्येक कुटुंबांच्या घरांत आजही एक जुनी मराठी बोलली जाते. तंजावरहून मन्नारगुडीकडे जाताना वाटेत वडुवूर हे गाव लागते. तेथील विस्तीर्ण तलाव १९९९ मध्ये पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत त्याचा समावेश झाला. तलाव भरला, की ईशान्य मोसमी पावसाच्या दिवसांत तेथे करकोचे, पाणकावळे आणि चोचीखाली झोळी असलेले पाणकोळी उतरतात.

समजा, असेच एक कुटुंब आपल्या आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तेथे निघाले आहे. पंधरा दिवस घरात पाखरांचीच बोलणी चालली आहेत. मुलाने पाणकोळ्याचे चित्र काढून भिंतीला लावले आहे. दह्याच्या भाताचा डबा बांधला आहे, शेजाऱ्याकडून दुर्बीण मागून आणली आहे. आणि बांधावर चढून पाहतात तो समोर भेगाळलेली जमीन, मधोमध चिखलाचे एक डबके आणि चार कावळे. मुलगा विचारतो, “बाबा, पाखरं कुठं आहेत?” बापाचा घसा कोरडा पडला आहे, उन्ह डोक्यावर आले आहे, खर्च झालेल्या पैशांचा हिशेब मनात चालला आहे. तो म्हणतो, “तूच सकाळी उठायला उशीर केलास!”

बंधुभगिनींनो, खरी हानी या क्षणी होते. तलाव कोरडा असल्याने ती झालेली नाही. पाखरे न दिसल्याचे दुःख मूल दोन दिवसांत विसरेल. परंतु ‘आईबाबांचा आनंद माझ्यामुळे नासला’ हे वाक्य एकदा त्याच्या मनात शिरले, की ते वर्षानुवर्षे तेथे राहू शकते. सहल लेकरासाठी होती. पाखरे नाहीशी झाली, तरी लेकरू तेथेच उभे आहे. मग आपला राग कोणासाठी?

तो तलाव कोरडा का, हे पाहिले तर आपल्या रागाचे आश्चर्य वाटेल. वडुवूरला पाणी येते ते कावेरीच्या कालव्यांतून. त्रिभुज प्रदेशाला पाणी सोडले जाते ते १९३४ मध्ये पूर्ण झालेल्या मेट्टूर धरणातून. आणि मेट्टूर भरते ते प्रामुख्याने दूर कोडगू व वायनाडच्या डोंगरांत पडणाऱ्या पावसाने. धरणाची पूर्ण पातळी १२० फूट आहे. भाताच्या कुरुवै पिकासाठी दर वर्षी १२ जूनला पाणी सोडावे असा प्रघात आहे. परंतु २०१२ ते २०१९ या सलग आठ वर्षांत त्या तारखेला पाणी सोडता आले नाही; २०२० मध्ये तो दिवस पुन्हा साधला. २०२२ मध्ये पाणी मे महिन्यातच सुटले, आणि २०२४ मध्ये जुलैच्या अखेरीपर्यंत वाट पाहावी लागली. शेकडो मैलांवरच्या ढगाने दिलेल्या वा न दिलेल्या पाण्याचा दोष आपण आठ वर्षांच्या मुलाच्या उशिरा उठण्यावर ठेवतो!

ईयोबाच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात देव ईयोबाला विचारतो, की जेथे माणूस राहत नाही त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? पुढील अध्यायात तो त्याला रानशेळ्यांच्या प्रसूतीविषयी विचारतो, जी कोणी पाहिलेली नसते. या प्रश्नांतून देव एक गोष्ट शिकवितो, की सृष्टी माणसाच्या तालावर नाचण्यासाठी केलेली नाही. ती देवाची आहे, आणि माणूस पाहत नसतानाही देव तिच्यात कार्य करीत असतो. आपण तिकीट काढले म्हणून पाणकोळ्याने हजर राहावे, असा करार कोणी केलेला नाही. जे मूल हे लहानपणीच शिकते, त्याने पाखरे पाहिलेल्या मुलापेक्षा कमी पाहिले असे कोण म्हणेल?

तेव्हा अशा प्रसंगी विश्वासू आईबापांनी काय करावे?

प्रथम, लेकराला रडू द्यावे. पुष्कळ धार्मिक माणसांना घाई असते. अश्रू वाळण्याच्या आत ते बोधवचन सांगू लागतात. मार्काच्या दहाव्या अध्यायात लोकांनी बाळकांना प्रभू येशूकडे आणले. त्याने बोध केला तो मोठ्यांना. बाळकांना त्याने कवेत घेतले, त्यांच्यावर हात ठेवले आणि आशीर्वाद दिला. त्यांच्यासाठी एवढेच पुरेसे होते. कोरड्या तलावाच्या बांधावर उभ्या असलेल्या लेकराला प्रथम कवेची गरज असते. प्रवचनाची वेळ नंतर येते, आणि कधी कधी येतही नाही.

दुसरे, त्याला खरे कारण सांगावे. ‘पाखरे उद्या येतील’ अशी खोटी समजूत घालू नये. पाणी कोठून येते, ते का आले नाही, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगावे. आणि मग शेजारच्या खाचरांकडे बोट दाखवावे. ज्या वर्षी पाणी उशिरा येते, त्या वर्षी तेथील शेतकऱ्याचा तरवा वेळेवर टाकला जात नाही आणि मजुरांच्या हाताला लावणीचे काम मिळत नाही. आपला एक दिवस गेला. त्याचा हंगाम जातो. तामिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या आरंभी, कावेरीकाठची कुटुंबे चित्रान्नाचे डबे घेऊन नदीवर जातात, मुले लहान सजविलेले गाडे ओढीत नेतात. पाणी नसलेल्या वर्षांत हाच सण नदीच्या कोरड्या पात्राजवळ कूपनलिकेच्या पाण्यावर साजरा करावा लागला आहे. त्या मुलांचाही बेत फसला होता. आपले दुःख एकट्याचे नाही, हे कळणे हीच शेजारप्रीतीची पहिली इयत्ता होय.

तिसरे, जे आहे त्याकडे पाहावे. प्रभूने डोंगरावरील प्रवचनात पाखरांकडे निरखून पाहण्यास सांगितले आहे. लूकाच्या बाराव्या अध्यायात तर तो कावळ्यांचेच नाव घेतो. कावळा पाहण्यासाठी कोणी अभयारण्यात जात नाही. परंतु करीथ ओढ्यापाशी देवाचा सेवक जगला तो कावळ्यांच्या हातून. भेगाळलेल्या चिखलात खेकड्याचे बीळ असते, बांधावरच्या ताडाला सुगरणीचे खोपे लोंबत असतात, नांगरामागे बगळे चालतात. याच त्रिभुज प्रदेशाच्या किनाऱ्यावर तरंगंबाडी येथे रेव्ह. ख्रिस्तोफ सॅम्युएल जॉन यांनी १७७१ पासून १८१३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मिशनचे कार्य केले. शाळा चालविता चालविता ते मासे, शिंपले आणि साप यांचेही निरीक्षण करीत. आपल्याकडे ज्याला मांडूळ म्हणतात त्या गरीब सापाच्या शास्त्रीय नावात त्यांचे नाव आजही आहे. लोक ज्याला पाहून पाय मागे घेतात, त्यातही देवाचे हस्तकौशल्य दिसू शकते.

चौथे, परत फिरण्यात कमीपणा मानू नये. नदीला लोंढा आला असेल, आभाळ काळवंडले असेल, मूल घाबरले किंवा थकले असेल, तर ‘इतक्या दूर आलोच आहोत’ हा हट्ट सोडावा. बेत पुरा करण्यापेक्षा लेकरू सुखरूप घरी आणणे हे मोठे कर्तव्य आहे.

बारा वर्षांच्या येशूला घेऊन मरीया आणि योसेफ यरुशलेमेच्या वल्हांडण सणाहून परतत होते, त्या प्रवासाचे स्मरण येथे होते. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर मुलगा बरोबर नाही असे त्यांना कळले, आणि तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. मरीयेने आपला क्लेश लपविला नाही. असे का केलेस, हे तिने त्याला विचारले. परंतु विचारल्यावर तिने उत्तर ऐकूनही घेतले. ते उत्तर तिला समजले नाही, तरी तिने ते टाकून दिले नाही. या साऱ्या गोष्टी तिने अंतःकरणात जपून ठेवल्या. आईबापांना सर्वच समजले पाहिजे असे नाही. लेकराचे उत्तर मनात ठेवता आले, तरी पुष्कळ झाले.

आणि ज्याचे बेत मोडले पण ज्याने लेकराचा हात सोडला नाही, असा एक मनुष्य तंजावरातच होऊन गेला. रेव्ह. ख्रिश्चन फ्रेडरिक श्वार्ट्झ यांच्यावर तुळजाराजांनी १७८७ मध्ये आपल्या दत्तकपुत्राची, सरफोजीची, जबाबदारी टाकू पाहिली. श्वार्ट्झ यांनी राजाचे बंधू अमरसिंग यांनी मुलाचा सांभाळ करावा असे सुचविले. तो बेत साफ फसला. अमरसिंग गादीवर बसले आणि मुलगा राजवाड्यात कोंडला गेला. त्याला धड शिक्षणही मिळेना. श्वार्ट्झ यांनी त्याच्यासाठी पुनःपुन्हा रदबदली केली आणि १७९३ मध्ये त्याला मद्रासला नेण्यात आले. फेब्रुवारी १७९८ मध्ये श्वार्ट्झ निवर्तले. सरफोजी गादीवर बसले ते त्याच वर्षी, पण त्यानंतर. आपल्या श्रमाचे फळ त्यांनी पाहिले नाही. सरफोजी ख्रिस्ती झाले नाहीत, आणि ती अट श्वार्ट्झ यांच्या प्रीतीला नव्हती. एके काळी कोंडलेल्या त्या मुलाने पुढे चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची सुंदर चित्रे काढवून घेतली. तंजावरच्या शिवगंगा तलावाजवळील चर्चमध्ये सरफोजींनी फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून करवून घेतलेला संगमरवरी स्मृतिपट आहे. त्यात मृत्युशय्येवरील वृद्ध गुरूचा हात तरुण राजाने हातात धरलेला दाखविला आहे.

आता पुन्हा एलीयाकडे वळू. देवाने आटलेला ओढा पुन्हा भरला नाही. त्याने एलीयाला उठवून सारफथ येथे पाठविले. तेथे एक विधवा काटक्या वेचीत होती आणि घरात तिचा मुलगा होता. उरलेल्या मूठभर पिठाची भाकरी दोघांनी खावी आणि मग मरावे, इतकाच बेत तिच्यापाशी उरला होता. ओढा वाहत राहिला असता, तर संदेष्टा त्या उंबरठ्यावर कधी गेला असता काय? आटलेल्या पाण्यानेच त्याला एका भुकेल्या लेकराच्या दाराशी आणले.

ज्या दिवशी आपला ओढा आटेल, त्या दिवशी वळून पाहू या. आपल्याही मागे एक लेकरू उभे असेल. ते पाखरांकडे पाहत नसेल. ते आपल्या तोंडाकडे पाहत असेल.

प्रार्थना : हे आकाश व पृथ्वी यांच्या निर्माणकर्त्या पित्या, पाऊस तुझा, पाखरे तुझी आणि आमच्या हाती दिलेले लेकरूही तुझेच आहे. आमचे बेत मोडतील तेव्हा आमची जीभ आवर. आमच्या लेकरांना आमच्या मुखावर राग नव्हे, तर तुझी करुणा दिसू दे. ज्यांची शेते आज पाण्यावाचून आहेत, त्यांचे स्मरण कर. प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावाने मागतो. आमेन.