मनोवैद्याचा धर्म

ज्या देशात मनोवैद्य बोटांवर मोजण्याइतकेच आहेत, तेथे त्यांचा धर्म कोणता? समोरच्या रुग्णास बरे करणे, की आपली विद्या इतरांच्या हाती देणे?

झिंबाब्वेत हा प्रश्न डॉ. डिक्सन चिबांडा यांच्यापुढे उभा राहिला. त्यांनी २००६ साली हरारेच्या म्बारे वस्तीत १४ आजीबाईंना शिकवून तयार केले. दवाखान्याच्या आवारातील बाकावर बसून त्या दुःखिताचे ऐकतात. शोना भाषेत अशा व्यथेस 'कुफुंगिसिसा', म्हणजे अतिविचार, म्हणतात. त्याही तोच शब्द वापरतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बाकावरील रुग्णांची लक्षणे नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक घटलेली आढळली.

गरिबास आजीबाई आणि श्रीमंतास डॉक्टर, हा न्याय कसला, असे कोणी विचारील. आक्षेप पोकळ नाही. उन्मादाने ग्रासलेल्यास बाक पुरत नाही. त्यास वैद्यच हवा. परंतु सौम्य व्यथांचा भार इतरांनी उचलला, तरच वैद्यापाशी त्याच्यासाठी वेळ उरतो. म्हणून शिकविणे हे मनोवैद्याचे दुय्यम काम आम्ही मानीत नाही. मात्र शिकवून त्याने दूर होऊ नये. अवघड रुग्णासाठी त्याचे दार उघडे असावे. आम्हां कचेरीतल्या माणसांस हे सहज पटावे: काम खाली सोपविता येते, जबाबदारी नाही.