ब्लोहोल

बेंगळुरूच्या पीण्यातल्या एका मशीन शॉपमध्ये निपाणीचा चोवीस वर्षांचा पोरगा सीएनसी चालवायचा. हातपाय बारीक, खांदे उतरते, पण शर्टाची खालची दोन बटणं कायम ताणलेली. पोरं त्याला ‘होट्टे’, म्हणजे कन्नडमध्ये पोट, म्हणून हाक मारत. सेकंड शिफ्ट सुटली की लग्गेरेच्या खोलीवर जाताना तो बेकरीत थांबे, एक पफ आणि दिलपसंदचा तुकडा खाई. जेवण खोलीतल्या जोडीदाराइतकंच, पण जोडीदार सडसडीत. त्यामुळे दोष आपल्या जिभेचा आणि आळसाचा, असं त्यानं धरून ठेवलं होतं.

एका दुपारी बेळगावहून आलेलं कास्टिंग तो टर्न करत होता. वरून साफ दिसत होतं. तिसऱ्या कटला आतली पोकळी उघडी पडली. सुपरवायझर अण्णा आले, बोट फिरवून पाहिलं आणि रिजेक्शनच्या चिठ्ठीवर ऑपरेटरचं नाव घातलं नाही. “ब्लोहोल ओततानाच पडतो. तू काय करणार?”

त्याच आठवड्यात कंपनीची वार्षिक तपासणी झाली. उंची १६५ सेंटिमीटर, वजन ६६ किलो, कंबर ९४. साखर काठावर. डॉक्टरीणबाई धारवाडच्या, मराठी जाणणाऱ्या. त्यांनी विचारलं, “जन्मलास तेव्हा वजन किती होतं?”

त्यानं आईला फोन लावला. दोन किलो.

बाई म्हणाल्या, “पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी १९९३ पासून सहा गावांतल्या आया आणि त्यांची बाळं अभ्यासली. बाळं सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधली साडेतीन. पण कमी पडलं होतं ते मुख्यतः स्नायू आणि आतले अवयव. चरबी बाळानं राखून ठेवली होती. पोटात असताना उपासमार, पुढे घरात पैसा आला की भरपूर खाणं. अशा शरीरात चरबी पोटाशी लवकर साठते. म्हणून आपल्याकडे पुरुषाची कंबर ९० च्या आत हवी. बेकरी सोड, रोज चाल. पण स्वतःला शिव्या देऊ नकोस.”

अशा पोरांना खादाड ठरवून मोकळं होणं फार सोपं असतं, आणि तो अन्यायच आहे.

दिवाळीनंतर आई राहायला आली, तेव्हा त्यानं तिला हे सगळं सांगितलं, ब्लोहोलसकट. आई भाकरी थापता थापता थांबली.

“म्हणजे ओतणारी मी. माझंच चुकलं म्हण की.”

त्याला काय बोलावं सुचेना.

“आठव्या महिन्यापर्यंत वखारीत तंबाखू चाळत होतो मी. घरी आलं की आधी सासऱ्याचं पान, मग तुझ्या बाबांचं, मग दिरांची. दूध चहापुरतं. पातेल्याला लागलेलं खरवडून खायचं. मला मिळालं तेच तुला दिलं, लेका. पुढं बाबांना पगार सुरू झाला, तसं आजीनं तुला तूपसाखर चारली. पोरगं मरतुकडं दिसतं म्हणून.”

याज्ञिकांच्या त्या गावांतही हेच दिसलं होतं: ज्या गरोदर बायका पालेभाजी, फळं, दूध वरचेवर खात, त्यांची बाळं भारी भरत. ज्या जास्त राबत, त्यांची हलकी.

“आत्ता आपल्या घरी शेवटी कोण जेवतं?” त्यानं विचारलं.

“मी. आणि तुझी बहीण.”

बहीण सतरा वर्षांची, बारावीला. तिच्यासाठी स्थळं यायला लागली होती.

“आई, तिचं पान आता आमच्याबरोबर वाढायचं. दूध, अंडी, मेथी-शेपू, सगळं. पैसे मी वेगळे पाठवतो.”

“उद्या दुसऱ्याच्या घरी जायची ती. तिच्यावर एवढं कशाला?”

“म्हणूनच. आणि डिग्री झाल्याशिवाय लग्नाचं नाव काढायचं नाही.”

आई बराच वेळ तवा पुसत राहिली. निपाणीला परतल्यावर तिनं पहिल्यांदा सासऱ्यांशी वाद घातला. पोरगं आता पीण्या इंडस्ट्री स्टेशनपासून चालत शॉपला जातं. पोट अजून फारसं उतरलेलं नाही. बहिणीचं हिमोग्लोबिन मात्र त्यानं दोनदा तपासून घेतलं, आणि दुसऱ्या वेळी ते वाढलेलं होतं.