जाता-येता जकात

आमच्या एका प्राध्यापक मित्रांनी यंदा एका साप्ताहिकात लिहिले की, परदेशातून ऑनलाइन मागवलेल्या स्वस्त मालावरचे आयातशुल्क परदेशी विक्रेताच भरतो. पुढे ते म्हणतात, शेतकऱ्याने तरी चिनी मालाचा मोह सोडून या शुल्काचे स्वागत करावे. यातले पहिले विधान डोनाल्ड ट्रम्प यांचे, दुसरे प्राध्यापकांचे स्वतःचे.

पहिल्यासाठी फार शाई नको. अमेरिकेने 800 डॉलरपर्यंतच्या पार्सलांची करमाफी चीनपुरती 2 मे 2025 ला आणि साऱ्या जगासाठी 29 ऑगस्टला काढली. शुल्क गोळा कोणी करायचे हेच ठरले नव्हते, म्हणून आपल्या टपाल खात्याने 25 ऑगस्टपासून तिकडे जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबवले. महिनाअखेरीस भेटवस्तूही थांबल्या. न्यू जर्सीतल्या लेकीला फराळ पाठवायला निघालेल्या आयांनी तेव्हा पोस्टाच्या खिडकीवर काय ऐकले, ते प्राध्यापकांनी विचारून पाहावे.

आपणही मागे नव्हतो. पाच हजार रुपयांपर्यंतची ‘भेट’ म्हणून चिनी संकेतस्थळांचा माल करमाफीने येत असे. डिसेंबर 2019 मध्ये ती वाट बंद झाली. अपवाद दोनच: जीवरक्षक औषधे आणि राखी. राखीसोबतची भेटवस्तू मात्र नाही! हा बारकावा ज्या अधिकाऱ्याला सुचला, त्याला बहीण असावी. पुढे 2020 मध्ये शीइन, अलीएक्स्प्रेस ही ॲपेच बंद झाली. त्याचे कारण सुरक्षेचे सांगितले गेले. माल मात्र थांबला नाही. तोच इअरफोन, तोच हुकाचा वजनकाटा, तीच दिव्यांची माळ आता मुंबईच्या घाऊक व्यापाऱ्याकडून, मधल्या हातांचा नफा अंगावर घेऊन कांद्याची बाजारपेठ असलेल्या लासलगावात येते.

आता दुसरे विधान, ज्याने डोके फिरले. हा उपदेश लासलगावला? इथल्या बाजार समितीत ज्याचा लिलाव होतो त्या कांद्यावर 19 ऑगस्ट 2023 ला, शनिवारी, 40 टक्के निर्यातशुल्क बसले. ऑक्टोबरअखेर टनाला 800 डॉलरची किमान निर्यात किंमत आली, डिसेंबरात थेट निर्यातबंदी. मे 2024 मध्ये बंदी उठली ती 550 डॉलरची अट आणि तेच 40 टक्के घेऊन. सप्टेंबरात शुल्क 20 टक्क्यांवर आले आणि गेले कधी, तर 1 एप्रिल 2025 ला. तोवर दुबई-कोलंबोचे गिऱ्हाईक दुसरीकडून कांदा घ्यायला शिकले होते.

विकताना बाहेरचा भाव मिळू द्यायचा नाही आणि घेताना बाहेरचा भाव लागू द्यायचा नाही. दोन्ही वेळा सरकार वेगळे कारण सांगते, पण माणूस एकच असतो. सकाळी तो ट्रॉली घेऊन लिलावात उभा असतो, रात्री मोबाईलवर फवारणी पंपाची बॅटरी शोधत असतो.

प्राध्यापकांनी मदतीला न्यायमूर्ती रानड्यांना बोलावले आहे. रानडे परक्या सत्तेच्या खुल्या व्यापाराविरुद्ध बोलत होते, हे त्यांना माहीत आहेच. त्याच काळातला जवळचा दाखला त्यांनी टाळला. 1896 मध्ये लँकेशायरच्या समाधानासाठी हिंदी गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी बसली होती. दुसऱ्याच्या सोयीसाठी आपल्याच उत्पादकावर कर! कांद्याच्या निर्यातशुल्काची वंशावळ तिथे सापडते, रानड्यांकडे नव्हे.

मला बोलवायचे आहे ते शेतकरी संघटनेच्या शरद जोशींना. 1980 च्या नाशिकच्या कांदा-ऊस आंदोलनाने हा माणूस घरोघरी पोचला. बाकीचे अनेक शेतकरी नेते खुल्या जागतिक व्यापाराच्या डंकेल प्रस्तावाच्या होळ्या करत असताना जोशी त्याच्या बाजूने उभे राहिले. त्यांचे म्हणणे सरळ होते: सरकार शेतकऱ्याला देते त्याहून जास्त काढून घेते, म्हणजे त्याची सबसिडी उणे आहे, मग दार उघडल्याने त्याचे काय बिघडणार? इतकी वर्षे मी याच वाक्यावर वाद जिंकत आलो. इथेही त्यावर थांबलो असतो, पण जोशींच्याच चरित्रातली एक गोष्ट आडवी येते.

शेतीत उतरण्याआधी जोशी टपाल सेवेत होते आणि 1968 पासून स्वित्झर्लंडमध्ये बर्नला, जागतिक टपाल संघात. 1969 मध्ये याच संघाच्या तोक्यो अधिवेशनाने ठरवले की परदेशातून आलेले टपाल घरपोच करण्याचा मोबदला पाठवणाऱ्या देशाने द्यायचा. पुढे विकसनशील देशांना हे दर कमी ठेवले गेले, आणि त्या यादीत चीन होता. शेन्झेनचे छोटे पाकीट जगभर इतक्या कवडीमोलाने फिरले त्याचे एक मोठे कारण हे. अमेरिकेने संघ सोडण्याची धमकी दिल्यावर 2019 मध्ये जिनिव्हात ते दर बदलले.

म्हणजे मी ज्याला ‘बाहेरचा भाव’ म्हणून डोक्यावर घेतले, तोही काही अंशी एका कचेरीतच ठरला होता. उघड्या दाराला कुणीतरी आधीच उतार करून दिलेला होता. प्राध्यापक इतके तरी मिळवतात: स्वस्त पार्सलवर थोडे शुल्क म्हणजे पाप नव्हे. स्वस्त आयात मालाशी झुंजणाऱ्या लुधियानाच्या होजिअरीवाल्याचीही बाजू आहे, ती मी आजवर ऐकूनच घेतली नाही.

पण मग हिशोब दोन्ही अंगांनी करा. ज्या दिवशी कांद्यावर 40 टक्के निर्यातशुल्क लावाल, त्याच दिवशी त्या शेतकऱ्याने बाहेरून मागवलेल्या पंपावरचे आणि वजनकाट्यावरचे आयातशुल्क उतरवा. आणि यातले काहीही शनिवारी नको; कांद्याचे रोप टाकण्याआधी सांगा. एवढे कबूल असेल तर प्राध्यापकांनी पुढचा लेख लिहावा, मी वाचेन.