शिदोरी आणि श्रद्धा

प्रवासाला निघणाऱ्या माणसाने आपल्या सुरक्षिततेची आणि आरोग्याची आधीच तजवीज करणे श्रद्धेला बाध आणते काय, आणि आणत नसेल तर ती तजवीज कोठे थांबावी, हा प्रश्न भारतीय धर्मपरंपरांनी फार पूर्वीच हाताळलेला आहे. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या नागपुरातील एखादे कुटुंब जेव्हा क्रीट किंवा माल्टा यांसारख्या भूमध्य समुद्रातील बेटावर सुट्टीला जायचे ठरवते, तेव्हा बॅगेत काय भरावे याकडे केवळ व्यवहाराची बाब म्हणून पाहिले जाते. तीर्थयात्रेची तयारी तेवढी धर्माची आणि सहलीची तयारी व्यवहाराची, ही विभागणी मात्र तपासून पाहिली की टिकत नाही.

विदर्भातील भाविकांच्या खडतर यात्रांमध्ये पचमढीजवळच्या नागद्वारची गणना अग्रक्रमाने करावी लागते. सातपुड्याच्या जंगलातील ही वाट वर्षातून एकदाच, नागपंचमीच्या सुमारास थोडे दिवस खुली होते, आणि ऐन पावसाळ्यात निसरड्या खडकांवरून, नाले ओलांडत, दरीच्या कडेने चालत भाविक नागदेवतेच्या गुहेपर्यंत पोहोचतात. नागपूरहून निघणाऱ्याच्या थैलीत प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोरडे कपडे, टॉर्च, चिवडा, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि तापाच्या गोळ्या असतात. उरलेला भार वाटेवर भंडारे लावणारी सेवा मंडळे उचलतात. त्याच डोंगररांगेत चौरागडावर महाशिवरात्रीला जाणारे भाविक नवसाचे लोखंडी त्रिशूळ खांद्यावरून वाहून नेतात. त्रिशुळाचे वजन सोयीसाठी नसते आणि कोरड्या कपड्यांचे वजन नवसासाठी नसते, तरी दोन्ही ओझी एकाच भावाने वाहिली जातात, आणि गोळ्यांची पुडी सोबत घेतल्याने महादेवावरचा विश्वास उणा झाला असे कोणा भाविकाला वाटत नाही. लोकव्यवहाराने इतक्या सहज सोडवलेला हा प्रश्न तत्त्वविचारात मात्र अवघड होतो.

गीतेच्या नवव्या अध्यायात अनन्यभावाने उपासना करणाऱ्यांचा योगक्षेम भगवंत स्वतः वाहतो असे आश्वासन आहे. योग म्हणजे जे जवळ नाही ते प्राप्त होणे आणि क्षेम म्हणजे जे जवळ आहे त्याचे रक्षण होणे, असा अर्थ शंकराचार्यांच्या भाष्यात सांगितलेला आहे. प्राप्ती आणि रक्षण ही दोन्ही कामे जर ईश्वराने पत्करली असतील, तर भक्ताने पाण्याची बाटली तरी का घ्यावी? भारतीय आयुर्विमा महामंडळाने याच श्लोकातील शब्द आपले बोधवाक्य म्हणून स्वीकारले, आणि ईश्वरी आश्वासन मानवी तरतुदीच्या माथ्यावर लिहिले जाणे काहींना विसंगत वाटते. वस्तुतः तेथे विसंगती नाही. ते आश्वासन भक्ताला चिंतेतून सोडवते, कर्तव्यातून सोडवत नाही. ज्या ग्रंथात धनुष्य टाकून बसलेल्या अर्जुनाला पुन्हा उभे केले जाते, त्याच ग्रंथाच्या आधारावर हातावर हात ठेवून बसता येणार नाही.

याहून कठीण आव्हान अपरिग्रहाचे, म्हणजे गरजेपलीकडे काही न बाळगण्याच्या व्रताचे आहे. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे ज्यांचे महास्थान, त्या महानुभाव पंथात चक्रधरस्वामींच्या काळापासून, म्हणजे तेराव्या शतकापासून, अटनाला मोठे महत्त्व आहे. अटन म्हणजे एका ठिकाणी न गुंतता, भिक्षेवर निर्वाह करीत केलेले भ्रमण. नागपूरजवळच्या रामटेकच्या शांतिनाथ मंदिरात ज्यांचे चातुर्मास होतात, ते दिगंबर जैन मुनी तर वस्त्रही बाळगत नाहीत. तरीही त्यांच्याजवळ मोरपिसांची पिच्छी, कमंडलू आणि शास्त्र या तीन वस्तू असतात, आणि त्यांना अनुक्रमे संयमाचे, शौचाचे आणि ज्ञानाचे उपकरण म्हटले जाते. पिच्छीचे काम बसण्यापूर्वी जागेवरील सूक्ष्म जीव हळुवारपणे दूर करण्याचे आहे. सर्वस्व टाकणाऱ्यानेही जी वस्तू टाकायची नाही ती दुसऱ्या जिवाच्या रक्षणासाठी असावी, ही गोष्ट प्रवासाच्या तयारीचा विचार करणाऱ्याने बारकाईने पाहण्यासारखी आहे.

ज्या शहरात 14 ऑक्टोबर 1956 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या शहराला या प्रश्नाचे बौद्ध उत्तर परके नाही. भिक्खूच्या आठ परिष्कारांत, म्हणजे बाळगण्याजोग्या आवश्यक वस्तूंत, तीन चीवरे, भिक्षापात्र, वस्तरा, सुई, कमरबंद आणि पाणी गाळायचे फडके येते. या गाळणीविषयी विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग नोंदलेला आहे. कोसल देशात दोन भिक्खू एकत्र प्रवास करीत होते. एकाच्या गैरवर्तनाबद्दल दुसऱ्याने त्याला टोकले, याचा राग पहिल्याने मनात धरला, आणि पुढे दुसऱ्याला तहान लागून त्याने गाळणी मागितली तेव्हा ती दिली नाही. न गाळलेले पाणी पिणे व्रतात बसत नसल्याने तो भिक्खू तहानेने मरण पावला. त्यानंतर बुद्धांनी दोन नियम घातले: प्रवासात कोणी गाळणी मागितली तर ती नाकारायची नाही, आणि गाळणीवाचून प्रवासाला निघायचे नाही, ती नसेलच तर संघाटीचा, म्हणजे वरच्या चीवराचा, कोपरा गाळणी म्हणून मनाने ठरवून घ्यावा. येथे तयारी ही सवलत राहत नाही, ते कर्तव्य ठरते, आणि त्या कर्तव्याचा अर्धा भाग सहप्रवाशाला उद्देशून असतो.

तयारी कोठे थांबावी याचेही उत्तर विनयात आहे. शरद ऋतूत आजारी पडणाऱ्या भिक्खूंना तूप, लोणी, तेल, मध आणि काकवी ही पाच औषधे जवळ ठेवण्याची अनुज्ञा मिळाली, पण ती सात दिवसांपुरतीच. औषध आणि साठा यांच्यामधली रेघ वस्तूवर काढता येत नाही, कारण मध तोच असतो. म्हणून ती काळावर काढलेली आहे.

हाच विचार भूमध्य समुद्राच्या एका बेटावर वेगळ्या भाषेत आढळतो. नव्या करारातील ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथाच्या शेवटच्या दोन अध्यायांत, रोमला बंदी म्हणून नेल्या जाणाऱ्या संत पौलाचे जहाज वादळात सापडून माल्टाच्या किनाऱ्याला फुटल्याचे वर्णन आहे. क्रीटहून पुढे जाऊ नये, हंगाम धोक्याचा आहे, असे पौलाने आधीच बजावलेले असते. भर वादळात एकाही माणसाचा प्राण जाणार नाही असे देवदूताने सांगितल्यावरही, खलाशी होडी घेऊन पळू पाहतात तेव्हा, ते जहाजावर राहिले नाहीत तर कोणी वाचणार नाही असे तो शताधिपतीला सांगतो, आणि उपाशी राहिलेल्यांना आग्रहाने अन्न घ्यायला लावतो. आश्वासन मिळालेला माणूसच तेथे सर्वांत सावध आहे. जहाजावरची 276 माणसे किनाऱ्याला लागतात तेव्हा त्यांच्याजवळ सामान असे काही उरलेले नसते. पावसात आणि थंडीत त्यांच्यासाठी आग पेटवतात ते बेटावरचे लोक.

आजच्या सहलीला हे सारे लागू पडते. उन्हाचे शास्त्र नागपूरकराला शिकवावे लागत नाही. 45 अंशांच्या पुढे जाणाऱ्या मे महिन्यात तो डोक्याला दुपट्टा गुंडाळून आणि पन्हे पिऊन बाहेर पडतो. समुद्र मात्र त्याला अनोळखी असतो, आणि लाल बावटा लावलेला असताना पाण्यात उतरणारा आपल्याबरोबर त्या जीवरक्षकाचाही प्राण पणाला लावतो, ज्याला त्याच्यामागे झेप घ्यावी लागते. रोजची औषधे पुरेशी न घेता निघालेला मधुमेही किंवा विम्याशिवाय गेलेला वृद्ध यांच्या बाबतीतही निष्काळजीपणाची किंमत सहप्रवासी मोजतात. भिक्षेवर जगणाऱ्या अटनामागे देणारा समाज उभा असतो आणि त्या देण्याघेण्याला धर्माची मान्यता असते. पर्यटकाला तसा आधार नाही, त्यामुळे त्याने रिकाम्या हाताने जाणे हा अपरिग्रह होत नाही. माल्टासारख्या बारमाही नदी नसलेल्या बेटावर, जेथे पिण्याच्या पाण्याचा मोठा हिस्सा समुद्राचे पाणी गोडे करून मिळवावा लागतो, तेथे पाणी जपून वापरणे हेही याच तयारीत मोडते.

एवढे म्हटल्यावर एका गोष्टीचा विचार टाळता येत नाही. 2015 मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटावर युद्धातून पळालेली लाखो माणसे रबरी होड्यांतून उतरली, आणि त्यांतील अनेकांजवळ अंगावरच्या ओल्या कपड्यांपलीकडे काही नव्हते. रिकाम्या हाताने निघू नये हा नियम अशा माणसाला लावणे क्रूरपणाचे आहे, कारण तयारीला वेळ लागतो आणि तो वेळ त्याला मिळालेला नसतो. चुल्लवग्गातील दोन नियमांपैकी दुसरा, गाळणीवाचून न निघण्याचा, पर्यटकाला लागू होतो. पहिला नियम, मागणाऱ्याला ती न नाकारण्याचा, त्या किनाऱ्यावर आधीपासून असलेल्या प्रत्येकाला लागू होतो, मग तो तेथला रहिवासी असो की आठवड्याभरासाठी आलेला पाहुणा.